गर्जणारा वळीव आणि मुका आषाढ



"गर्जेल तो पडेल काय" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तिचा रोख अर्थातच माणसांवर आहे. फार बोलणाऱ्याच्या हातून काम होत नाहीं, इतकेंच तिला सांगावयाचें आहे. परंतु ज्या कोणीं ती प्रथम उच्चारली, त्याचें आकाशाकडे चांगलें लक्ष असलें पाहिजे. कारण आपल्या सह्याद्रीच्या मुलखांत ढगांची रीत पुष्कळ अंशीं अशीच आहे.

वैशाखांतील एकादी दुपार घ्या. चार वाजतां आभाळ काळवंडतें, धुळीचा लोट उठतो, डोंगर हादरावे असा कडकडाट होतो, आणि तासाभरांत सारें आटोपून सूर्य पुन्हां डोकावूं लागतो. पर्जन्यमापकांत पाहावें, तर कधीं वीस मिलिमीटर पाणी सांचलेलें असतें, कधीं पांचच. उलट आषाढांत लोणावळ्यास किंवा महाबळेश्वरास एका दिवसांत दोनशें मिलिमीटर पाऊस कोसळला, तरी त्याचें तेथें कोणास नवल वाटत नाहीं. आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाहीं. आणि तरीहि मेघगर्जना क्वचितच कानीं पडते. ज्या डोंगरावर सर्वांत अधिक पाणी पडतें, तेथेंच पावसाच्या ऐन भरांत आकाश मुकें असतें. असें कां व्हावें?

या प्रश्नाचें उत्तर शोधणें हा आजच्या भाषणाचा विषय आहे. हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाहीं. आपल्या देशांत वीज पडून दरसाल दोन हजारांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडतात, असें सरकारी नोंदींवरून दिसतें. त्यांत शेतांत काम करणाऱ्यांचा आणि गुरें राखणाऱ्यांचा भरणा मोठा असतो. यांपैकीं कित्येकांचे प्राण वाचण्यासारखे असतात. वीज केव्हां आणि कां उत्पन्न होते हें ज्यास कळलें, त्यास तिच्यापासून दूर केव्हां व्हावें हेंहि कळतें.

प्रथम या प्रदेशाचा नकाशा डोळ्यांपुढें आणूं. पश्चिमेस अरबी समुद्र. त्याच्या कांठानें कोंकणची अरुंद पट्टी. आणि तिच्या कडेस एकदम भिंतीसारखा उभा राहिलेला सह्याद्रि. त्याचें सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. कोंकणाच्या बाजूनें हा डोंगर तुटलेल्या कड्यांचा आहे. परंतु पूर्वेकडे त्याच्या लांबच लांब फांद्या उतरत गेल्या आहेत. दोन फांद्यांच्या मध्यें एकेक नदी आणि नदीगणिक एकेक खोरें. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ, मोसे खोरें, हिरडस मावळ हीं नांवें इतिहासाच्या पुस्तकांतून आपणांस परिचित आहेत. हींच खोरीं पुढें रुंदावत पुण्याच्या व भोरच्या बाजूस देशावर उतरतात. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंचीवर आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस कोरडें पठार, आणि मध्यें डोंगर व खोरीं यांची ही गुंफण. वळवाच्या साऱ्या नाटकाची रंगभूमि ती हीच.

आतां उन्हाळ्याकडे वळूं. पुण्याचें अक्षांश सुमारें साडेअठरा आहे. त्यामुळें मेच्या मध्याच्या सुमारास सूर्य तेथें मध्यान्हीं थेट माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सांवली क्षणभर नाहींशी होते. पण उन्हाळ्याच्या तावाचें कारण एवढेंच नव्हे. जुलैच्या अखेरीस सूर्य परततांना पुन्हां एकदां असाच माथ्यावर येतो. त्या वेळीं आपण छत्र्या घेऊन हिंडत असतों! तेव्हां ऊन किती सरळ पडतें यापेक्षां तें जमिनीवर पडून पुढें त्याचें काय होतें, हें पाहिलें पाहिजे.

हवा सूर्यानें थेट फारशी तापत नाहीं. सूर्याचे किरण तिच्यांतून बरेचसे पार होऊन जमिनीस तापवितात, आणि तापलेली जमीन आपल्या अंगास लागलेल्या हवेस तापविते. म्हणजे हवा तव्यावरील भाकरीसारखी खालून शेकली जाते. सह्याद्रीचा दगड काळा, ज्यास बेसाल्ट म्हणतात तो. शिवाय चैत्र-वैशाखांत उतारावरील गवत करपलेलें, ओढे आटलेले, मातींत ओल नाहीं. मातीच्या घागरींतलें पाणी गार कां होतें, तर घागरीच्या अंगांतून पाझरलेलें पाणी वाफ होऊन उडून जातांना आपल्याबरोबर उष्णता नेतें. जमिनीचेंहि तसेंच आहे. ओल्या जमिनीस घाम येतो व ती निवते. कोरड्या जमिनीस घाम कोठून येणार? म्हणून सारें ऊन तिला तापविण्यांतच खर्च होतें. पुणें वेधशाळेच्या नोंदींत ३० एप्रिल १८९७ रोजीं ४३.३ अंश सेंटिग्रेड उष्णतामान नमूद आहे.

शाळेंत भूगोल शिकवितांना मुलें हटकून एक प्रश्न विचारीत. "मास्तर, डोंगर सूर्याला जवळ, मग महाबळेश्वर थंड कसें?" प्रश्न चांगला आहे. सूर्य आपणांपासून सुमारें पंधरा कोटि किलोमीटर दूर आहे. त्यांतून एकदीड किलोमीटर कमी झाल्यानें कांहींच बिघडत नाहीं. परंतु हवा खालून तापते, हें ध्यानांत ठेवलें कीं उत्तर सांपडतें. तव्यापासून जितकें वर जावें तितकी झळ कमी. शिवाय वर चढणाऱ्या हवेवरील दाब कमी होत जातो, त्यामुळें ती फुगते, आणि फुगण्यांत तिची उष्णता खर्च होते. सरासरीनें दर किलोमीटर उंचीस साडेसहा अंश उष्णतामान उतरतें. महाबळेश्वर पुण्याहून सुमारें आठशें मीटर उंच आहे. म्हणून तेथील दुपार पुण्याच्या दुपारीहून पांच-सहा अंशांनीं सौम्य असते.

डोंगर आणि खोरें यांमध्यें वाऱ्याची एक रोजची देवघेव चालूं असते. सकाळीं ऊन वर आलें कीं डोंगराचे उतार तापतात. उताराला लागून असलेली हवा, त्याच उंचीवर पण खोऱ्याच्या मध्यभागीं अधांतरीं असलेल्या हवेहून अधिक ऊन होते. ऊन हवा हलकी, म्हणून ती उतारावरून वर चढूं लागते. रात्रीं याच्या उलट. आकाश निरभ्र असल्यानें उतार झपाट्यानें निवतात, त्यांच्यावरील थंड व जड हवा पाण्यासारखी ओघळून खोऱ्यांत उतरते. म्हणूनच भर उन्हाळ्यांतहि मावळांतील पहाट सुखावह असते. दुपारीं दोन-तीनच्या सुमारास सिंहगड, तोरणा, राजगड यांच्या माथ्यांवर कापसाच्या गाठोड्यांसारखे पांढरे ढग उभे राहतात, आणि त्याच वेळीं खोऱ्यावरील आकाश स्वच्छ असतें, याचें कारण ही वर चढणारी हवा होय. डोंगर हे जणूं धुराडीं आहेत.

पण धुराडें असून भागत नाहीं. जाळावयास कांहीं पाहिजे. नुसत्या कोरड्या उष्ण हवेंतून वावटळ उठेल, पाऊस पडणार नाहीं. वळवास लागणारें इंधन म्हणजे पाण्याची वाफ. ती येथें मुख्यत्वें समुद्रावरून येते. दुपारीं कोंकण तापलें म्हणजे समुद्रावरील दमट वारा आंत शिरतो, घाटांच्या खिंडींतून वर चढतो, आणि दिवस कलतांना देशावर पोंचतो. उन्हाळ्यांत पुण्यास सायंकाळीं पश्चिमेकडून जी गार झुळूक सुटते, ती हीच. पूर्वेकडून येणाऱ्या उष्ण वाऱ्याशीं तिची गांठ पडली कीं दोहोंच्या सीमेवर हवा वर लोटली जाते. कांहीं दिवशीं बंगालच्या उपसागराकडूनहि ओलावा इकडे येतो. त्या दिवसांचा वळीव विशेष जोराचा असतो.

तरीहि रोज वळीव पडत नाहीं. याचें कारण असें, कीं पुष्कळ दिवशीं जमिनीपासून दोन-तीन किलोमीटरांवर उष्ण व कोरड्या हवेचा एक थर पसरलेला असतो. खालून चढणारी हवा त्या थराशीं येते, तेव्हां भोंवतालची हवा तिच्याहूनहि ऊन असल्यामुळें तिला वर जातां येत नाहीं. हें एक झांकणच म्हणावयाचें. चुलीवर डाळीचें पातेलें ठेवून वर जड झांकण घातलें, तर बराच वेळ बाहेरून कांहीं दिसत नाहीं. आंत मात्र वाफ कोंडत असते. मग एका क्षणीं झांकण उडतें आणि डाळ उतूं जाते. सकाळपासून वारा पडलेला, अंगाची काहिली होत असलेली, घाम पुसतां पुसतां जीव नकोसा झालेला. अशा दिवशीं आपल्या वडील मंडळींचा "आज पाऊस येणार" हा अंदाज बहुधा खरा ठरतो. काहिली ही झांकणाखालीं कोंडलेल्या वाफेची असते.

झांकण एकदां फुटलें, म्हणजे काय होतें? वर चढणारी हवा प्रथम दर किलोमीटरास सुमारें दहा अंशांनीं निवते. कांहीं उंचीवर तिच्यांतील वाफेचे सूक्ष्म जलबिंदु बनूं लागतात. हाच ढगाचा तळ. येथें एक महत्त्वाची गोष्ट घडते. एक लिटर बर्फगार पाणी उकळीपर्यंत तापविण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या पांचपटींहून अधिक उष्णता त्या उकळत्या पाण्याची वाफ करण्यांत खर्च होते. ही उष्णता नाहींशी होत नाहीं, वाफेंत लपून राहते. म्हणून तिला अनुद्भूत उष्णता म्हणतात. वाफेचें पुन्हां पाणी झालें कीं ती प्रकट होते. समुद्रावर सूर्यानें जी उष्णता खर्च केली, ती अशा रीतीनें सह्याद्रीच्या माथ्यावर ढगाच्या पोटांत परत मिळते. तिच्यामुळें ढगांतील हवा भोंवतालच्या हवेपेक्षां ऊन राहते आणि अधिकच वेगानें वर धांवते. हा वेग सेकंदास दहा ते तीस मीटरपर्यंत असूं शकतो. दहा चौरस किलोमीटरांवर वीस मिलिमीटर पाऊस म्हणजे वीस कोटि लिटर पाणी झालें. एवढ्या वाफेनें सोडलेल्या उष्णतेचा हिशेब मनांत केला, तर तासाभराच्या वळवांतहि केवढी शक्ति असते याची कल्पना येईल.

या शक्तीच्या जोरावर ढग बारा, चौदा, कधीं त्याहूनहि अधिक किलोमीटर उंच जातो. त्याचा माथा वर पसरून लोहाराच्या ऐरणीसारखा दिसतो. अशा ढगास गर्जन्मेघ म्हणतात. आपल्या भागांत या दिवसांत पाणी गोठण्याची पातळी सुमारें पांच किलोमीटरांवर असते. म्हणजे गर्जन्मेघाचा निम्म्याहून अधिक भाग हिमाच्या राज्यांत असतो. तेथें बारीक हिमकण असतात, मऊ गारा असतात, आणि शून्याखालीं बरेच अंश उतरूनहि अद्याप न गोठलेले जलबिंदूहि असतात. अमेरिकेंत १९४६ सालीं फ्लॉरिडांत व १९४७ सालीं ओहायोंत शास्त्रज्ञांनीं विमानें थेट अशा ढगांत घालून त्यांची परीक्षा केली. तींत असें ठरलें कीं ढगाच्या आयुष्याच्या तीन अवस्था असतात. पहिलींत हवा नुसती वर जात असते. दुसरींत वर जाणारा व खालीं येणारा असे दोन प्रवाह शेजारीं शेजारीं असतात. तिसरींत नुसता खालीं येणारा प्रवाह उरतो आणि ढग विरतो. पावसाच्या अगोदर अंगावर येणारा तो गार वाऱ्याचा सपाटा म्हणजे दुसऱ्या अवस्थेंतील खालीं येणारा प्रवाह. पांच-दहा मिनिटांत उष्णतामान दहा-दहा अंशांनीं उतरतें तें त्याच्याच योगानें. मावळांत हा सपाटा खोऱ्याच्या दोन्ही भिंतींमध्यें कोंडून अधिक जोरानें वाहतो, आणि पुढें जाऊन शेजारच्या खोऱ्यांतील ऊन हवेस वर लोटून तेथें नवा ढग उभा करतो. म्हणूनच वळीव एका खोऱ्यांतून दुसऱ्यांत उडी घेत चालल्यासारखा दिसतो, आणि एका गांवांत गारा पडत असतां पलीकडच्या गांवांत धूळहि बसत नाहीं.

आतां विजेकडे येऊं. आकाशांतील वीज व घर्षणानें उत्पन्न होणारी वीज हीं एकच, हें १७५२ सालीं सिद्ध झालें. त्या वर्षीं बेंजामिन फ्रँकलिन याच्या सूचनेवरून फ्रान्समध्यें उंच लोखंडी कांब उभारून ढगांतील वीज उतरविण्यांत आली, आणि फ्रँकलिनचा पतंगाचा प्रयोगहि त्याच वर्षींचा म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु ढगांत ती येते कोठून, हा प्रश्न पुढें दीडशें वर्षांहून अधिक काळ अनुत्तरित राहिला. त्याच्या उत्तराचा एक धागा आपल्याच देशांतील डोंगरांत आहे. हिंदुस्थानच्या हवामान खात्यांतील शास्त्रज्ञ जॉर्ज सिंप्सन यांनीं १९०८ च्या पावसाळ्यांत शिमल्यास पावसाच्या थेंबांवरील विद्युद्भार मोजला. थेंब फुटतांना वीज उत्पन्न होते, असें अनुमान त्यांनीं त्यावरून काढलें. पुढें १९३७ सालीं इंग्लंडांत फुग्यांबरोबर उपकरणें ढगांत पाठवून सिंप्सन व स्क्रेस यांनीं दाखविलें, कीं ढगाच्या माथ्यावर धन भार, मध्यें ऋण भार व अगदीं तळाशीं थोडा धन भार असतो. या खात्याची मुख्य कचेरी १९२८ सालीं शिमल्याहून पुण्यास आली आणि १९४४ सालीं दिल्लीस गेली. पण तिच्या पुण्यांतील इमारतीस लोक अद्यापहि "शिमला ऑफिस" असेंच म्हणतात.

आज बहुतेक शास्त्रज्ञ असें मानतात, कीं हा भार मुख्यत्वें हिमाच्या टकरींतून उत्पन्न होतो. न गोठलेल्या जलबिंदूंच्या गर्दींत बारीक हिमकण वर जात असतात व मऊ गारा खालीं येत असतात. त्या एकमेकांवर आदळल्या कीं हिमकणांवर धन भार व गारांवर ऋण भार येतो. हिमकण हलके, ते वर जातात. गारा जड, त्या मध्यें राहतात. अशा लाखों टकरींनीं ढगाच्या दोन भागांत प्रचंड विद्युद्भार सांचतो. हवेस तो थोपवितां येईनासा झाला, म्हणजे ठिणगी पडते. बहुतेक ठिणग्या ढगांतल्या ढगांतच चमकतात. कांहीं जमिनीकडे येतात. त्यांची वाट सुमारें पन्नास-पन्नास मीटरांच्या पायऱ्यांनीं खालीं उतरते. जमीन जवळ आली कीं खालून उंच वस्तूंच्या टोंकांतून तिच्या भेटीस छोट्या ठिणग्या वर निघतात. दोन्ही मिळाल्या कीं वाट पुरी होते, आणि तिच्यांतून क्षणार्धांत जो प्रवाह वाहतो तो हवेस सुमारें तीस हजार अंशांपर्यंत तापवितो. सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ पांचपट. एवढ्या तापानें हवा एकदम फुटल्यासारखी फुगते, तोच कडकडाट. विजेची वाट कित्येक किलोमीटर लांब असते. तिच्या जवळच्या टोंकाचा आवाज आधीं व दूरच्या टोंकाचा मागून येतो, म्हणून कडाडण्यामागून गडगडणें ऐकूं येतें. मावळांत डोंगरांच्या भिंतींवर तोच ध्वनि आपटून परततो, म्हणून तेथें गडगडाट फार वेळ घुमत राहतो.

आतां आरंभीचा प्रश्न सोडविणें सोपें आहे. विजेस हिम पाहिजे. हिमास उंच ढग पाहिजे. आणि उंच ढगास खालून तापलेली जमीन व मुक्तपणें वर धांवणारी हवा पाहिजे. आषाढांत यांपैकीं काय असतें? जमीन भिजून गार झालेली असते. समुद्रावरील दमट वारा आपल्या आपण वर उसळत नाहीं. वाटेंत सह्याद्रि आडवा आला म्हणून नाइलाजानें चढतो. त्याच्या ढगांचा तळ इतका खालीं असतो, कीं गडांचे माथे त्यांत बुडून जातात. आणि त्यांचे माथेहि पुष्कळदां गोठण्याच्या पातळीच्या आसपासच राहतात. अशा ढगांत पाऊस होतो तो थेंबांस थेंब मिळून. हिमाचें त्यांत फारसें काम नसतें. टकरी नाहींत, म्हणून भार नाहीं. भार नाहीं, म्हणून गर्जना नाहीं. पाण्याचा पुरवठा मात्र अखंड असतो. म्हणूनच लोणावळ्यास वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, आणि तेथून साठएक किलोमीटरांवरील पुण्यास त्याच्या पंचमांशाइतकाहि पडत नाहीं. कारण घाट उतरतांना ढगांचें पाणी सरलेलें असतें.

भाद्रपद संपतां संपतां पावसाळी वारा दुबळा होतो. ऊन पुन्हां कडक पडतें, आणि आतां जमिनींत ओलहि भरपूर असते. म्हणून हस्ताच्या पावसाबरोबर गडगडाट परत येतो. आपल्या शेतकऱ्यांनीं मृगापासून स्वातीपर्यंत नक्षत्रांचा जो हिशेब बसविला, त्यांत हस्ताचा पाऊस विजांचा, ही खूण अनुभवानें पक्की झालेली आहे. तेव्हां विजेचे मोसम दोन. एक चैत्र-वैशाखापासून मृग पुरता लागेपर्यंत, आणि दुसरा हस्ताच्या आगेमागें. दोन्ही वेळां दुपारचे दोन-तीन वाजल्यापासून रात्रीं आठपर्यंतचा काळ अधिक धोक्याचा. आणि दुर्दैवानें याच वेळांस पेरणीपूर्वींचीं व काढणीचीं कामें उघड्या शेतांत चालूं असतात.

येथें एका समजुतीविषयीं बोललें पाहिजे. पायाळू माणसावर, म्हणजे जन्मतांना पायांकडून आलेल्यावर, वीज पडते असें आपल्याकडे मानतात. माझ्या वर्गांत असा एक मुलगा होता. आभाळ गडगडूं लागलें कीं शेजारचीं मुलें त्याच्या बाकावरून उठून दूर जाऊन बसत, आणि तें पोर तोंड लपवून रडे. मीं त्याच्या शेजारीं बसून धडा पुढें चालूं ठेवीत असें. विजेस माणसाची जन्मकथा ठाऊक नसते. ती उंची पाहते, उघडेपणा पाहते, आणि वाट पाहते. ज्या घरांत असें मूल असेल, तेथें वडील माणसांनीं त्याच्या मनांतील ही भीति आधीं काढून टाकावी.

मग खरी काळजी कोणती घ्यावी? वीज दिसतांच मनांत सेकंद मोजूं लागा, आणि आवाज येईपर्यंत किती झाले तें पाहा. ध्वनीस एक किलोमीटर जाण्यास सुमारें तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आंत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरांच्या आंत आहे. त्याच क्षणीं आश्रय घ्यावा. ढग डोक्यावर नाहीं, पाऊस सुरू नाहीं, म्हणून थांबूं नये. वीज ढगाच्या कडेपासून कित्येक किलोमीटर दूरहि पडते. शेवटची गर्जना ऐकल्यापासून अर्धा तास बाहेर पडूं नये.

आश्रय म्हणजे पक्कें घर, किंवा कांचा लावलेली बंद मोटार अथवा एस.टी. झाडाखालचा आडोसा हा आश्रय नव्हे, सांपळा आहे. झाडावर पडलेली वीज त्याच्या बुंध्यावरून शेजारच्या माणसाच्या अंगावर उडी घेते, आणि मुळांवाटे भोंवतालच्या जमिनींत पसरते. जमिनींतून पसरणाऱ्या या प्रवाहानें गुरें अधिक मरतात, कारण त्यांच्या पुढच्या व मागच्या पायांतील अंतर मोठें असतें. माणसानेंहि म्हणूनच फांकलेल्या पायांनीं उभें राहूं नये, जमिनीवर आडवेंहि होऊं नये. चारी बाजूंनीं उघड्या असलेल्या शेडचा किंवा देवळाच्या ओवरीचा भरंवसा धरूं नये. सुटींत गडावर जाणाऱ्या तरुण मंडळींनीं दुपारच्या आंत माथा सोडावा, आणि डोंगराच्या धारेवर, तळ्यांत किंवा लोखंडी कठड्यापाशीं असूं नये. घरांत असतांना वीज चमकत असेपर्यंत नळ, तारेचा टेलिफोन व भिंतीस जोडलेलीं विजेचीं उपकरणें यांस हात लावूं नये.

एकाद्यास वीज लागलीच, तर त्यास शिवण्यास भिऊं नये. त्याच्या अंगांत वीज सांठून राहत नाहीं. वीज लागल्यानें हृदय व श्वास बंद पडतो. परंतु लगेच मदत मिळाल्यास तो पुन्हां सुरू होऊं शकतो. श्वास चालत नसेल तर त्यास उताणें निजवून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनीं मिनिटास शंभर ते एकशेंवीस वेळां जोरानें दाबत राहावें, आणि दुसऱ्या कोणाकडून १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. शेणांत पुरणें, मातींत निजविणें असल्या उपायांत वेळ दवडला, तर तो त्याच्या प्राणाच्या किंमतीनें दवडला जातो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें "दामिनी" नांवाची योजना सिद्ध केली आहे. तिच्या योगें आपल्या आसपास वीज पडत असल्याची सूचना खिशांतील भ्रमणध्वनीवर मिळते. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनीं स्वतःपुरता तिचा उपयोग करून थांबूं नये. आपले कोणी गांवीं शेत कसतात, आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईंचे भाऊबंद मावळांत गुरें राखतात. त्यांना हें सांगणें हेंहि आपलें काम आहे. हवा जसजशी तापते तसतशी तिच्यांत वाफ अधिक मावते, दर अंशास सुमारें सात टक्के. आणि वाफ हेंच वळवाचें इंधन आहे, हें आपण वर पाहिलें. पृथ्वीची हवा गेल्या शतकाहून आज अधिक ऊन आहे, तेव्हां या विषयाकडे दुर्लक्ष करण्याचे दिवस राहिलेले नाहींत.

म्हणीपासून आपण आरंभ केला. गर्जणारा ढग फारसा पडणार नाहीं, हें खरें असूं शकेल. पण पडणार नाहीं तो पाऊस. वीज पडणार नाहीं असें म्हण सांगत नाहीं. आषाढाच्या मुक्या धारांत भिजलेला मनुष्य फार तर पडशानें आजारी होईल. वैशाखांतील पहिला गडगडाट कानीं आला, कीं मात्र हातचें काम तेथेंच ठेवून घरांत यावें, आणि शेजारच्या शेतांतल्यासहि हांक मारावी.